मुंबईला नाही म्हटलं, त्याबद्दल

प्रिय आई-बाबा,

फोनवरच सांगणार होते. पण फोनवर आई एकदम गप्प होते आणि बाबा ‘बरं, ठेवतो’ म्हणतात. म्हणून पत्र.

गेल्या महिन्यात आमच्या प्रोव्हिन्शियल, म्हणजे आमच्या प्रांतातल्या सगळ्या सिस्टरांच्या प्रमुख, आल्या होत्या. मुंबईच्या मोठ्या शाळेत मुख्याध्यापिका म्हणून जाशील का, असं त्यांनी विचारलं. ‘जा’ म्हणाल्या असत्या तर मुकाट्याने गेले असते, आज्ञापालनाचं व्रतच आहे. पण त्यांनी विचारलं, आणि मी म्हटलं, मला डहाणूतच राहू द्या, माझ्या बालवाडीत. पुढचं वर्षभर तरी त्यांनी मान्य केलंय.

मुंबईहून वसई ती काय लांब! महिन्यातून एखाद्या रविवारी घरी जेवायला येता आलं असतं, आईचा गुडघा डॉक्टरला दाखवता आला असता. हे सगळं त्या क्षणी डोळ्यांपुढे आलं, आणि तरी मी नाही म्हटलं. रागवा हवं तर. पण दुसऱ्या कुणाकडून तुमच्या कानावर यायला नको होतं.

‘एमएस्सी झालेली पोर शेंबूड पुसायला गेली’ असं बाबा एकदा म्हणाले होते. खरंय, पुसते. वर मूठभर चिंचोके घेऊन जमिनीवर बसते.

जूनमध्ये एक पोरगा आला, चार वर्षांचा. ओसरीचा खांब दोन्ही हातांनी धरला आणि सोडीचना. रडणं नाही, बोलणं नाही. आई मजुरीला निघून गेली तरी हा खांबालाच. मी ओढून आत नेलं नाही. त्याच्यापासून हातभर लांब बसून बाकीच्यांशी चिंचोक्यांनी ‘एकी की बेकी’ खेळत राहिले. अकरा दिवस! बाराव्या दिवशी माझ्यासमोर एक बारकी मूठ आली. ती उघडली तर आत घामाने ओले झालेले तीन चिंचोके. कुठून आणले, कधी जमवले, देव जाणे. मी मुद्दाम ‘बेकी’ म्हटलं, हरले. तो असा हसला की आत स्वयंपाकाच्या बाई बाहेर येऊन बघायला लागल्या.

नोव्हिशिएटमध्ये, व्रतं घेण्याआधीच्या तयारीच्या काळात, ध्यानाला बसले की मला झोप यायची, हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. देवापुढे अर्धा तास काही न मागता, काही न करता नुसतं बसायचं, ते मला जमतच नव्हतं. ते मी त्या खांबाशी शिकले. आता पहाटे चॅपलमध्ये बसते तेव्हा डुलकी लागत नाही. (क्वचित लागते.)

आई, तू विचारतेस, पोरांना प्रार्थना शिकवतेस ना? सकाळी डोळे मिटून गप्प बसतो, एवढंच. आमची बहुतेक पोरं वारली समाजाची आहेत. एकीने परवा मला बजावलं, ‘आमचा वाघदेव आहे.’ मी म्हटलं, असू दे की, त्यालाही नमस्कार सांग. हे ऐकून एका सिस्टरच्या कपाळाला आठी पडली. पण बाबा, तुम्ही आयुष्यभर पहाटेच्या गाडीने जास्वंद दादरला नेलीत. ती कुठल्या देवाच्या पायावर जाते, हे कधी विचारलंत का? मी तुमचीच मुलगी.

इथून जवळच कोसबाडची टेकडी आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ १९४५ साली आधी बोर्डीला आल्या, मग कोसबाडला. पोरं शाळेत येत नाहीत तर शाळा त्यांच्या अंगणात न्यायची, गुरं राखणाऱ्यांसाठी थेट कुरणात भरवायची, हे त्यांनी करून दाखवलं. त्यांच्या गळ्यात ना क्रूस होता, ना त्यांनी कसली व्रतं घेतली होती. अनुताईंचं अर्धं आयुष्य इथल्या पोरांत गेलं. त्यांच्याकडे पाहिलं की माझ्या व्रतांचं फार कौतुक वाटेनासं होतं, आणि ते बरंच आहे.

दुखतं ते एकच. दिवाळी झाली की घरंच्या घरं वीटभट्टीवर जातात, पोरांसकट. या वर्षी चौतीस पोरं होती, आता एकवीस उरलीत. पाऊस पडल्यावर परततील, तोवर सगळं विसरलेली असतील. खांबवालाही गेला. पाड्यावर कळलं की त्याचे आईबाप वसईच्या पूर्वेकडच्या भट्टीवर आहेत, म्हणजे तुमच्यापासून तासाभरावर. बघा, मी इथे आणि तो तिकडे!

बाबा, एक काम कराल? शेजारच्या टेम्पोने एखाद्या रविवारी त्या बाजूला जाऊन या. सुकेळी न्या, जास्तीची न्या, तिथे एकटाच पोरगा नसणार. नाव विचारू नका, तो सांगायचा नाही. खिशात चिंचोके ठेवा, खाली बसा, मूठ पुढे करा आणि ‘एकी की बेकी?’ विचारा. जो हसेल, तो.

मे महिन्यात सुट्टीला येते. आई, विहिरीवर एकटी जाऊ नकोस.

तुमची,
बाय