फ्रिट्झ आता बरा आहे

हायडेलबर्ग,
१७ नोव्हेंबर २०२४

ती. आई-बाबांना सा. न. वि. वि.

आई, परवा फोनवर तू "कुत्र्यासाठी रजा काढलीस?" एवढंच म्हणालीस आणि फोन बाबांकडे दिलास. ते डोक्यातून जात नाही, म्हणून लिहायला बसले. मी ठणठणीत आहे. जेवते, झोपते, लोकरीचे मोजे घालते.

आधी रजेचं. इथे जर्मनीत नोकरीचे पहिले सहा महिने रजेचा पूर्ण हक्क नसतो. माझे ३१ ऑक्टोबरला संपले. बाबांचं हर्नियाचं ऑपरेशन ९ ऑक्टोबरला झालं. हातापाया पडले असते तर चार दिवस मिळालेही असते, पण प्रोबेशनमध्ये विचारायचं धाडस झालं नाही. फ्रिट्झचे दोन दिवस नोव्हेंबरातले आहेत. तारखा बघा आणि मग रागवा.

फ्रिट्झच्या मालकीणबाईंचा खुबा मोडलाय हे तुम्हाला माहीतच आहे. त्या परत येईपर्यंत फ्रिट्झ माझ्याकडे. सात किलोचा, श्नाउत्सर जातीचा कुत्रा, मिशा मात्र आपल्या जुन्या तलाठी भाऊसाहेबांसारख्या.

आता ऐक, आणि वाईट वाटून घेऊ नकोस. लक्ष्मीपूजनाच्या रात्री ड्यूटीवरून आले, पणती लावली आणि तू पाठवलेला डबा उघडला. एकटीने खाववेना. वरचा बेदाणा नेहमीसारखा आधी मी मटकावला आणि लाडू त्याला दिला. मग अजून एक. त्याच्या मिशांना बेसन लागलं होतं. सहा महिन्यांत पहिल्यांदा दिवाळीसारखं वाटलं.

दुसऱ्या दिवशी रात्री तो पुढचे पाय जमिनीला टेकवून, मागचा भाग वर करून उभा राहिला. मला वाटलं, खेळतोय. फोटोसुद्धा काढला. पोट दुखलं की कुत्री अशी उभी राहतात, हे मला नर्स असून माहीत नव्हतं. पहाटेपर्यंत सहा उलट्या झाल्या. स्वादुपिंडाला सूज आली होती. या जातीच्या रक्तात आधीच चरबी जास्त असते, त्यावर साजूक तूप. डॉक्टरीणबाईंनी पहिला प्रश्न विचारला, "त्यात मनुका होत्या का?" मनुका-बेदाण्याने कुत्र्याची किडनी जाऊ शकते. बेदाणे मी खाल्ले होते म्हणून तेवढं टळलं. सांगलीचा बेदाणा आहे, कुत्र्याला कसा देईन, असं काही त्यांना म्हटलं नाही.

दोन दिवस सलाईन आणि उलटी थांबायची इंजेक्शनं झाली. आता दिवसातून पाच वेळा मूठभर मऊ भात आणि उकडलेलं चिकन, तेल-तुपाचा थेंब नाही. तू जायफळ उगाळून द्यायला सांगितलंस, ते दिलं नाही. कुत्र्यांना जायफळ विषारी. कांदा-लसूणही. पण जुलाबावर इथेही आजीबाईचा बटवा आहेच: अर्धा किलो गाजरं लिटरभर पाण्यात दीड तास रटरट शिजवायची, घोटायची, पुन्हा लिटरभर करून चमचाभर मीठ. १९०८ साली मोरो नावाच्या डॉक्टरने हे तान्ह्या बाळांसाठी काढलं. पुढे ते इथल्याच, हायडेलबर्गच्या बालरुग्णालयाचे प्रमुख होते. बाळांना आता दुसरी औषधं आहेत, सूप कुत्र्यांकडे आलंय.

एक गोष्ट मात्र तुम्हाला पटणार नाही. जुलाब लांबले म्हणून त्याची तीन दिवसांची शी गोळा करून न्यायला सांगितली. एका दिवसाची चालत नाही, कारण जिआर्डिया नावाचे जंतू रोज बाहेर पडतात असं नाही. त्यासाठी डबी मिळते, झाकणाला आतून चमचा. मी ती बाल्कनीत ठेवली होती, फ्रिजमध्ये नाही, आई, शपथ. आणि नदीकाठी फिरायला गेलं की इथले लोक, जे शेजाऱ्याला पगार विचारणार नाहीत, ते अनोळखी माणसाला थांबवून विचारतात, "आज कशी झाली? घट्ट?" मग दोघं मिळून वाकून बघतात. रंगावर चर्चा होते. पिशवीत भरून, गाठ मारून, "दिवस चांगला जावो" म्हणून निघून जातात. माझं नाव तिथे कुणाला माहीत नाही. मी "फ्रिट्झवाली". परवा एका आजोबांना "घट्ट!" असं मी स्वतःहून ओरडून सांगितलं. जंतू निघाले नाहीत.

आता पैशांचं. या महिन्यात चारशेऐवजी अडीचशे युरो पाठवलेत. रात्रीच्या इमर्जन्सीला इथे दुपटीपासून चौपटीपर्यंत फी आणि वर पन्नास युरो. मालकीणबाई देतील परत, पण त्यांना लाडवाचं अजून सांगितलेलं नाही, मग पैसे कुठल्या तोंडाने मागू? पतसंस्थेचा हप्ता त्यातून आधी भरा. दादाला माझ्यासाठी थांबायला सांगू नका.

मिरजेच्या स्थळाचा फोटो मिळाला. मुलगा बरा वाटतो. नाही म्हणत नाही, पण व्हिडिओवर बघायचा कार्यक्रम रविवारी नको, माझी ड्यूटी आहे. आणि त्याला कुत्री चालतात का, हे सहज विचारून ठेवा. मावशीला विचारायला लावू नका, ती वेगळंच काहीतरी विचारेल.

तुमची,
सोनू

ता. क. बाबा, ऑपरेशनच्या जागेचा फोटो पाठवा. चेहऱ्याचा नको. चेहरा तुम्ही हसराच करता.