धडधडीचा रिपोर्ट देताना पाच मिनिटं समजावून सांगा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तरुण माणसं जिममध्ये, गरब्यात, ऑफिसात कोसळल्याच्या बातम्या हल्ली पेपरात सारख्या येतात. त्या वाचून लोक बीपी-शुगर तपासत असतील, तंबाखू सोडत असतील तर चांगलंच आहे. पण त्याच बातम्या वाचून जी धडधाकट माणसं भीतीने अर्धी होतात त्यांच्याबद्दल कोणी लिहीत नाही, म्हणून हे पत्र. मी मिरजेला बरीच वर्षं ईसीजी काढायचं आणि होल्टर (चोवीस तास ठोक्यांची नोंद करणारं छोटं यंत्र) लावायचं काम केलं, आता निवृत्त आहे. मी डॉक्टर नाही, औषधपाणी सांगत नाही, पण छातीला लीड लावत असताना पेशंट जे बोलतो ते सगळं आमच्या कानावर पडतं.

काय बोलतात तर, मॅडम मधेच एक ठोका गायबच होतो, घशात काहीतरी उडी मारल्यासारखं होतं, रात्री डाव्या कुशीवर झोपलं की उशीत धाडधाड ऐकू येतं आणि मग झोप उडते ती उडतेच. वय तीस-पस्तीस, बीपी नाही, शुगर नाही, ईसीजी नॉर्मल. मग चोवीस तासांचं होल्टर लागतं आणि रिपोर्टात येतं "ऑकेजनल व्हीपीसीज्", म्हणजे अधूनमधून पडणारे जादा ठोके. डॉक्टर म्हणतात काही नाही, टेन्शन घेऊ नका, आणि पुढच्या पेशंटला हाक. बाहेर गर्दी असते, मला कळतं, पण तो माणूस कागद घेऊन घरी जातो, रात्री मोबाईलवर व्हीपीसी शोधतो, पहिल्या पाच मिनिटांत "सडन डेथ" वाचतो आणि तिथून त्याचं जे सुरू होतं ते वर्ष वर्ष संपत नाही.

त्याला एवढंच सांगायला हवं होतं की बाबा, तुझा ठोका गायब होत नाही, तो लवकर पडतो. हृदयात वेळेची किल्ली एका जागी असते पण बाकीच्या पेशीही कधीकधी आपणहून एखादा ठोका टाकतात. तो वेळेआधी पडला की हृदय पुरतं भरलेलं नसतं, त्यामुळे रक्त थोडंच जातं आणि मनगटाला तो लागतही नाही, मग जरा मोठी विश्रांती येते, तेवढ्यात हृदय जास्त भरतं आणि पुढचा ठोका जोरात बसतो. वेळेआधी सुटलेली एसटी रिकामी जाते आणि मागची खच्चून भरून येते, तसं. छातीत जो धस्स धक्का जाणवतो तो बहुतेक वेळा हा मागचा, चांगला भरलेला ठोका असतो. दिवसाला साधारण एक लाख ठोके पडतात, त्यात असे काही जादा ठोके निरोगी माणसांच्या होल्टरवरही सर्रास दिसतात, फरक इतकाच की बऱ्याच जणांना ते जाणवतच नाहीत.

हे काही आज कळलेलं नाही. इंग्लंडमध्ये बर्नली नावाच्या गिरणगावात जेम्स मॅकेन्झी नावाचे साधे फॅमिली डॉक्टर होते, १८७९ पासून १९०७ पर्यंत तिथे होते, त्यांनी नाडीचा आलेख काढायचं यंत्र वापरून तेच तेच पेशंट वर्षानुवर्षं बघितले आणि दाखवून दिलं की असे जादा ठोके पडणारी पुष्कळ माणसं कामधंदा करत नीट जगतात, त्यांना हृदयरोगी ठरवून घरी बसवण्यातच नुकसान आहे. शंभर वर्षांपेक्षा जास्त झाली या गोष्टीला आणि अजून आपल्याकडे माणसं त्याच कारणाने जिने चढायचं सोडतात, पहाटेचं फिरणं बंद करतात. मला हे बघून फार वाईट वाटायचं, कारण चालणं हीच त्यांच्या हृदयाला लागणारी गोष्ट.

दुसरी तक्रार असायची की डॉक्टरांनी गोळीच दिली नाही. त्याला कारण आहे. अमेरिकेत कास्ट नावाची मोठी चाचणी झाली होती, हार्ट अटॅक येऊन गेलेल्या लोकांना जादा ठोके दाबणारी औषधं दिली, ठोके कमी झाले पण औषध घेणाऱ्यांमध्ये मृत्यू जास्त झाले आणि १९८९ मध्ये त्या गोळ्या थांबवाव्या लागल्या. म्हणजे आलेख साफ दिसला म्हणून माणूस वाचतोच असं नाही. तेव्हा निरोगी हृदय असलेल्या माणसाला डॉक्टर गोळी देत नसतील तर ते विचार करून देत नाहीत. फारच त्रास झाला तर देतातही, पण ते त्यांनी ठरवायचं, मेडिकलवाल्याला विचारून नाही.

आता घड्याळांचं. हातावर चोवीस तास पल्स दिसायला लागल्यापासून ही भीती कितीतरी वाढलीय. शांत बसल्यावर साठ ते शंभर हे नॉर्मल धरतात पण व्यायामाची सवय असलेल्या माणसाची झोपेत पन्नासच्या खाली जाते, जिना चढला की एकशेतीस होते, नुसतं उठून उभं राहिलं तरी दहा-वीस वाढते, जेवण झालं, ताप आला, भांडण झालं की वाढते, आणि वाढायलाच हवी. श्वास आत घेताना नाडी जरा जलद आणि सोडताना सावकाश होते, तरुण मुलांमध्ये तर स्पष्ट दिसतं, आणि मशीन त्यावर "सायनस अॅरिदमिया" छापून मोकळं होतं. कॉलेजच्या मुलाच्या ईसीजीवर हे दोन शब्द बघून अख्खं घर रडताना मी बघितलंय. कोणी एवढं सांगितलं असतं की हा श्वासाचा खेळ आहे, तर झालं असतं. आणि जादा ठोका मनगटापर्यंत पोचत नाही म्हणून काही वेळा घड्याळ किंवा बोटाचं ऑक्सिमीटर पल्स चाळीस दाखवतं, प्रत्यक्षात ईसीजीवर ऐंशी असते. घरच्या बीपी मशीनवरही ठोका अनियमित असल्याची खूण येते, ती नुसती सूचना असते, निदान नव्हे.

घड्याळं वाईट आहेत असं मी म्हणत नाही. ॲपलच्या घड्याळावर अमेरिकेत ४,१९,२९७ लोकांचा अभ्यास झाला, त्यात अनियमित नाडीचा इशारा आला फक्त ०.५२ टक्के लोकांना, आणि त्यांतल्या ज्यांनी नंतर छातीला पट्टी लावून तपासणी पूर्ण केली त्यांच्यात ३४ टक्क्यांना खरोखर एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांची अनियमित थरथर, सापडलं. ते सापडलंच पाहिजे, त्यात रक्ताची गुठळी होऊन लकवा होऊ शकतो. म्हणून इशारा आला तर ईसीजी काढा, पण दर दहा मिनिटांनी मनगट बघू नका. बघितलं की घाबरायला होतं, घाबरलं की अॅड्रेनलिन वाढतं, त्याने पल्स वाढते आणि जादा ठोकेही वाढतात, की परत बघायचं. या चक्रात अडकलेली माणसं सांगली झालं, कोल्हापूर झालं, पुणे झालं असं करत तीच टूडी इको चौथ्यांदा काढून येतात.

२९ ऑक्टोबर २०२१ ला कन्नड अभिनेते पुनीत राजकुमार ४६ व्या वर्षी गेले तेव्हा बेंगळुरूच्या जयदेव हृदयरोग संस्थेत तपासणीसाठी लोकांची रीघ लागल्याच्या बातम्या आल्या होत्या. आमच्या मिरजेला कर्नाटकातल्या अथणी-चिकोडीकडून पेशंट येतात, त्यामुळे ती भीती आम्हीही जवळून बघितली. त्यात एकदा तपासून घेण्यात चूक काहीच नव्हती. ईसीजी, गरज वाटली तर इको आणि होल्टर, आणि रक्तात हिमोग्लोबिन, थायरॉईड, जुलाब-उलट्या होऊन गेल्या असतील तर पोटॅशियम. आपल्या बायकांमध्ये रक्त कमी असणं हे धडधडीचं किती मोठं कारण आहे, त्यात नवरात्राचे उपवास, दिवसभर नुसता चहा, मिश्री, अपुरी झोप, पाळी जायचं वय, हे सगळं विचारल्याशिवाय कळत नाही आणि विचारायला कोणाला वेळ नसतो. सर्दीच्या काही गोळ्यांनी, दम्याच्या पंपानेही धडधडतं.

मात्र चक्कर येऊन माणूस पडला, चालताना किंवा पळताना धडधडून छातीत दुखलं, दम लागला, घरात कोणी तरुणपणी अचानक गेलेलं असेल, आधी अटॅक येऊन गेला असेल किंवा हृदयाचं पंपिंग कमी असेल, होल्टरवर जादा ठोके हजारोंनी असतील, तर हे पत्र त्याच्यासाठी नाही, त्याने थेट हृदयरोगतज्ज्ञाकडे जावं.

डॉक्टरांना माझी हात जोडून विनंती आहे की रिपोर्टखाली मराठीत तीन ओळी लिहा, काय सापडलं, ते धोक्याचं का नाही, आणि काय झालं तर परत यायचं. शिक्का करून घेतला तरी चालेल. "टेन्शन घेऊ नका" याने टेन्शन जात नाही. आणि तुम्हाला विनंती अशी की कोसळलेल्या प्रत्येक माणसाच्या बातमीला शवविच्छेदनाआधीच "हार्ट अटॅक" असं शीर्षक देऊ नका, आणि आरोग्य पुरवणीत या निरुपद्रवी ठोक्यांवर एखाद्या हृदयरोगतज्ज्ञांकडून पानभर लिहून घ्या, वाचकांचे प्रश्न मागवा. लोक ते पान कापून ठेवतील.

आपली,
एक निवृत्त ईसीजी टेक्निशियन, मिरज