तीन नट, एक दार आणि ओळींचे आकडे : बाईंना अनावृत पत्र

आदरणीय बाई,

सा. न. वि. वि.

ग्रीक शोकांतिका शिकायला घेतली की बहुतेकांची गाडी पहिल्याच आठवड्यात ‘हॅमार्शिया’पाशी, म्हणजे नायकाच्या हातून होणाऱ्या घातक चुकीपाशी, अडकते. नकळत बापाला मारून आईशी लग्न करणाऱ्या ईडिपसचं नेमकं काय चुकलं, राग नडला की अहंकार, यावर वाद रंगतात आणि नाटक बाजूला राहतं. तुमच्या वर्गात तसं झालं नाही, त्याबद्दल आधी आभार. ॲरिस्टॉटल जन्मला इ.स.पू. ३८४मध्ये; तोवर सॉफक्लीझ आणि युरिपिडीझ हे नाटककार जाऊन वीसेक वर्षं झाली होती. म्हणून नाटक आधी आणि विंदांनी मराठीत आणलेलं त्याचं ‘काव्यशास्त्र’ मागून, हा तुमचा क्रम. सॉफक्लीझच्या ज्या ‘राजा ईडिपस’ला ॲरिस्टॉटलने डोक्यावर घेतलं, त्याला अथेन्सच्या परीक्षकांनी पहिलं बक्षीस दिलं नव्हतं, हेही तुम्ही आवर्जून सांगितलंत. (नाट्यस्पर्धेच्या निकालांवर चिडणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं.)

ओळींच्या आकड्यांचा तुमचा हट्ट सुरुवातीला जाचक वाटायचा. समासात मूळ ग्रीक ओळींचे आकडे नसलेलं भाषांतर अभ्यासाला घ्यायचं नाही, आणि एकाच भाषांतरावर विसंबायचं नाही. आकडे असले की दोन भाषांतरं शेजारी ठेवता येतात, आणि कवीचं काय नि भाषांतरकाराच्या पदरचं काय ते निवडता येतं. कंसातल्या रंगसूचना जवळजवळ सगळ्या पदरच्याच. जुन्या प्रतींत त्या नसतात. बोलणारा बदलला हेसुद्धा कित्येकदा नुसत्या छोट्या रेघेवरून ओळखायचं. पात्र कधी आलं आणि कधी गेलं, ते संवादातूनच काढावं लागतं. ‘हा बघा क्रेऑन आलाच’ असं कोणी म्हणालं की तीच प्रवेशाची सूचना.

खरं ऋण आहे ते तुमच्या तक्त्याचं. आडवा कागद, डावीकडे ओळींचे आकडे, पुढे तीन रकाने. अथेन्सच्या स्पर्धेत शोकांतिकेला बोलणारे नट तीनच, सगळे पुरुष, सगळे मुखवट्यात. बाकी कोरस, म्हणजे गाणारा-नाचणारा समूह, आणि मुके सोबती. कोण कोणासोबत रंगावर आहे ते ओळीगणिक भरत गेलं की भूमिकांची वाटणी आपोआप सुटत जाते. ‘राजा ईडिपस’मध्ये ईडिपस, त्याची बायको योकास्टा आणि तिचा भाऊ क्रेऑन एकत्र बोलतात, म्हणजे तिघे तीन नट. पुढे ईडिपस, योकास्टा आणि कोरिंथचा निरोप्या एकत्र येतात, म्हणजे निरोप्या हा क्रेऑनवाल्या नटाचा. मग ईडिपस, निरोप्या आणि म्हातारा धनगर एकत्र. म्हणजे धनगर कोणी करायचा? उरतो तो योकास्टाचा नट.

इथे तक्ता बोलायला लागतो. ईडिपस आपल्या जन्माचं गूढ उकलू बघतोय; योकास्टा ‘आता आणखी शोध घेऊ नकोस’ अशी विनवणी करते आणि १०७२व्या ओळीला शेवटचं बोलून आत जाते. १०८६ ते ११०९ एवढंच कोरसचं गाणं, चोवीस ओळींचं. तेवढ्यात आतला नट मुखवटा आणि झगा बदलतो, कडेच्या वाटेने धनगर होऊन येतो, आणि पुन्हा तेच विनवतो : मालक, विचारू नका. मुखवटा दुसरा, आवाज तोच. ही वाटणी कुठे लिहून ठेवलेली नाही, तर्काने काढलेली आहे, हे तुम्ही दर वेळी बजावलंत. पण नुसतं वाचताना हे लक्षातही येत नाही.

एस्किलसच्या ‘अगमेम्नॉन’मध्येही १०७२ हाच आकडा यावा हा निव्वळ योगायोग. युद्धात पकडून आणलेली कसांड्रा रथातून येते आणि पावणेतीनशेहून अधिक ओळी गप्प राहते. राणी क्लायटेम्नेस्ट्रा तिच्याशी बोलते, चिडते, आत निघून जाते, ही ढिम्म. नाटक इ.स.पू. ४५८चं, तिसऱ्या नटाची प्रथा तेव्हा ताजी. प्रेक्षकांनी तिला मुकं पात्र धरलं असणार. १०७२ला ती किंचाळते ती अपोलोच्या नावाने. म्हणून तक्त्यात गप्प पात्रांना लाल पेन्सिल, हा तुमचा नियम. बोलणाऱ्यांवर नजर ठेवणारा वाचक नेमका इथे फसतो.

जागेच्या बाबतीत तुम्ही एपिडॉरसच्या जुन्या ग्रीक नाट्यगृहाचा फोटो भिंतीवरून काढायला लावलात, तेही बरंच झालं. सुमारे वीस मीटर व्यासाचा तो वर्तुळाकार ऑर्केस्ट्रा (कोरसची नाचायची जागा) आणि त्या दगडी पायऱ्या एस्किलसच्या किती तरी नंतरच्या. इ.स.पू. पाचव्या शतकातल्या अथेन्समध्ये प्रेक्षक लाकडी बाकांवर बसत, नटांमागची इमारतही लाकडी, आणि ऑर्केस्ट्राच्या आकारावर अजून एकमत नाही. पण दार मात्र नक्की होतं. ‘ओरेस्टिया’त (‘अगमेम्नॉन’पासून सुरू होणाऱ्या तीन नाटकांच्या मालिकेत) दार कोणाच्या ताब्यात आहे एवढंच बघत गेलं तरी अर्धं नाटक हाती लागतं. मुडदे आत पडतात आणि चाकांच्या फळीवरून बाहेर येतात. एस्किलसच्याच आधीच्या ‘पर्शियन्स’ला (इ.स.पू. ४७२) अशा दाराची गरजच भासत नाही.

वृत्तांपाशी तर मराठी वाचकाचं पारडं जड. इंग्रजीत आघात मोजतात. ग्रीकमध्ये आपल्यासारखे लघु-गुरु. संवादाच्या ओळीत तीन गट, प्रत्येकात चार जागा : पहिली मोकळी, मग गुरु, लघु, गुरु. एका गुरूऐवजी दोन लघु चालतात, आणि युरिपिडीझच्या उत्तरकाळात ही सूट इतकी वाढते की तिच्यावरून नाटकांचा काळ लावतात. पात्र भान हरपून गाऊ लागलं की येणारं ‘डॉख्मिअस’ म्हणजे लघु गुरु गुरु लघु गुरु. तुम्ही फळ्यावर ‘यमाता लगा’ लिहिलंत आणि विषय संपवलात. कोरसच्या गाण्यातल्या जोडकडव्यांची मापं एकमेकांशी जुळायलाच हवीत. जुळली नाहीत तर बहुधा संहिता बिघडलेली, हेही त्यातच आलं.

आता गाडी रोमकडे वळली आहे. तिथल्या सेनेका या नाटककाराचा सगळा थाट वेगळा. पाच अंक, मध्ये कोरस, लांबलचक भाषणं. युरिपिडीझची मेडिया मुलांना आत मारते, सेनेकाची डोळ्यांदेखत. त्याच्या ‘ईडिपस’मध्ये बळी दिलेल्या जनावराची आतडी तपासतात ते रंगावर कसं करायचं, हा प्रश्न तुम्ही घातला होतात. आम्हाला सापडलेलं उत्तर असं : भविष्य सांगणारा टायरेसिअस आंधळा आहे, म्हणून त्याची मुलगी मँटो दिसेल ते सगळं शब्दांत सांगते. नुसत्या वाचनालाही तेवढं पुरतं. पण यावरून ही नाटकं वाचनासाठीच लिहिली होती असं म्हणायला आमचं मन धजत नाही. तुमचं मत कळवा.

आपले नम्र,
शनिवारचा अभ्यासगट

ता. क. ‘राजा ईडिपस’ आणि ‘अगमेम्नॉन’चे तक्ते झेरॉक्स काढून पोस्टाने पाठवले आहेत. ‘ओरेस्टिया’च्या दुसऱ्या नाटकातला, नायक ओरेस्टीझचा मित्र पिलाडीझ जेमतेम तीन ओळी बोलतो, ९०० ते ९०२, आणि त्यापायी तिसऱ्या रकान्यात नोकराचा पिलाडीझ फारच घाईने होतोय. तो तक्ता तेवढा तुमच्याकडून तपासून हवा आहे.