आत्याकडून नावाबद्दल

प्रिय दादा आणि वहिनी,

बारशाची तारीख ठरल्याचं आईने फोनवर सांगितलं, आणि नाव आत्यानेच सुचवायचं पण अर्थ चांगला हवा, हेही दोनदा बजावलं. आता मी पडले इंग्लंडातल्या विंचेस्टरला, इथल्या कथीड्रलमध्ये (मोठ्या चर्चमध्ये) इंग्लंडच्या जुन्या सॅक्सन राजांच्या हाडांच्या पेट्या आहेत, त्यांवरची नावं वाचता वाचता मी भलतीकडेच गेले.

ह्या लोकांची बरीचशी नावं दोन तुकडे जोडून व्हायची. एथेल म्हणजे खानदानी, एड म्हणजे संपत्ती, रेड म्हणजे सल्ला, वुल्फ म्हणजे लांडगा. एडवर्ड म्हणजे संपत्तीचा राखणदार, हे ठीक, पण ईडिथ म्हणजे संपत्ती आणि युद्ध! मुलीचं नाव बरं का. एकत्र अर्थ लागलाच पाहिजे असा काही हट्ट नव्हता, घराण्याचा तुकडा पुढे चालला की झालं. राजा एथेलवुल्फची मुलं बघा, एथेलस्टन, एथेलबाल्ड, एथेलबर्ट, एथेलरेड, आणि धाकटा एकटा आल्फ्रेड, त्यालाच पुढे जग ‘द ग्रेट’ म्हणायला लागलं. वूस्टरचे बिशप वुल्फस्टन तर अर्धे आईचे अर्धे बापाचे, आई वुल्फगिफू, वडील एथेलस्टन. लांडगा अधिक दगड, आणि माणूस संत!

नंतरच्या एका एथेलरेडचे तर हालच झाले, नावाचा अर्थ खानदानी सल्ला, पण चाल करून येणाऱ्या डेन्मार्कच्या लोकांना पैसे देऊन देऊन परत पाठवायचा आणि ते परत यायचे, म्हणून मागाहून लोकांनी त्याला ‘अनरेड’ म्हणजे वाईट सल्लावाला असं चिकटवलं. एवढा टोमणा पुणेकरांनाही जमला नसता.

मग 1066 ला फ्रान्सकडून नॉर्मन लोक येऊन राज्य करायला लागले आणि शंभरेक वर्षांत घराघरात विल्यम, रॉबर्ट, रिचर्ड. राजा पहिला हेन्री आणि त्याची राणी (मूळची ईडिथ, लग्नानंतर मटिल्डा) ह्यांना दरबारी लोक ‘गॉडरिक आणि गॉडगिफू’ अशा सॅक्सन नावांनी चिडवायचे, म्हणजे जुनी नावं गावठी ठरली होती. एडवर्ड आणि एडमंड तगले ते त्या नावांच्या संतांमुळे, तिसऱ्या हेन्रीने 1239 मध्ये पोराचं नाव मुद्दाम एडवर्ड ठेवलं.

तर मी तुमच्या दोघांच्या नावांचेही तुकडे जोडून बघितले. जे काही झालं ते इथे लिहीत नाही, आई पत्र मोठ्याने वाचते. माझी यादी रविवारी पाठवते, तोपर्यंत काही ठरवू नका.

तुमची,
छकुली