दोन रिंगा देईन, उचलू नका

मुलुंड, रविवारनंतरचा बुधवार, रात्र

ती. आई-बाबांना शिरसाष्टांग नमस्कार,

बाबा, रविवारी मी तुम्हाला फार तोडून बोलले. आमच्या नॉर्वेच्या सहलीत फोनचा रोमिंग पॅक घ्यावा म्हणून पाच हजारांचं पाकीट पुढे करून तुम्ही म्हणालात, “पॅक मार, पैशाकडे बघू नकोस, फोन चालू राहिला पाहिजे.” आणि मी फटकन म्हणून गेले, “तुम्हाला आता यातलं कळत नाही.” ३४ वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढलेल्या माणसाला मी हे म्हणाले. तुम्ही काही बोलला नाहीत. पाकिटाची घडी घातलीत आणि शर्टाच्या खिशात ठेवलंत. ती घडी तीन दिवस डोळ्यांसमोरून हलत नाही. समोर बसून बोलायला गेले तर आधी रडू येईल, म्हणून लिहिते आहे. उद्या डबा द्यायला येईन तेव्हा पत्र डब्याखाली ठेवेन.

जायचं तर नक्की झालं आहे. तिकिटं तुमच्या फेब्रुवारीतल्या दुखण्याच्या आधी काढली होती. मी रद्द करायचं मनात आणलं होतं, पण मागच्या आठवड्यात डॉक्टरांनी तुमच्यासमोरच सांगितलं की सगळं ठीक आहे. सोनूचे दहावीचे क्लास पुढच्या मेमध्ये सुरू होतील, मग दोन वर्षं त्याला उसंत नाही. यांना इतक्या वर्षांत सलग पंधरा दिवसांची रजा पहिल्यांदाच मिळाली आहे. आणि १० जूनला आम्ही परत. पाऊस लागायच्या बेताला मी इथे असेन. हे सगळं तुम्हाला ठाऊक आहे, तरी पुन्हा लिहिते आहे, कारण तुम्हाला सोडून फिरायला चालले आहे असं सारखं वाटतं.

आता फोनचं. बाबा, हे तुमच्यासाठी नीट लिहिते. आपला नंबर परदेशात गेला की तिथली कंपनी आपल्या कंपनीला विचारते, हा गिऱ्हाईक तुमचाच का. मग त्या दोघींच्या हिशोबाचे पैसे आपल्याकडून वसूल होतात. पॅक म्हणजे तेच पैसे आधी भरणं. तिघांचे तीन पॅक म्हणजे तुमच्या पेन्शनमधला चांगलाच मोठा तुकडा, आणि तेवढ्या पैशांत आमच्या चार रात्रींच्या तंबूच्या जागेचं भाडं निघतं. म्हणून मी ई-सिम घेतलं. त्याला कार्ड नसतं. फोनमध्ये बसवलेल्या चिपमध्ये क्यूआर कोड स्कॅन केला की तिकडची नोंद उतरते. १० जीबी, तीस दिवस, अठराशे रुपयांत. ते माझ्या फोनवर, आणि हॉटस्पॉटवरून बाकीच्या दोघांना. त्याला बोलायचा नंबर नाही, नुसता डेटा आहे, पण व्हॉट्सॲप माझ्या जुन्याच नंबरावर चालेल. तुम्हाला नवीन काही साठवायला नको.

आणि ते संपलंच तर? तुमचा हा प्रश्न मला लिहितानाच ऐकू आला. फ्रँकफर्टला सहा तासांचा थांबा आहे, मावशीचा बंटी तिथे भेटायला येतोय. त्याच्याकडचं जादा जर्मन सिम तो देणार आहे. १५ जून २०१७ पासून युरोपियन युनियनमध्ये नियम आहे की एका देशाचं सिम दुसऱ्या देशात वापरलं तरी प्रवाशाकडून जादा रोमिंग घ्यायचं नाही. नॉर्वे युनियनमध्ये नाही, पण युरोपीय आर्थिक क्षेत्रात आहे, म्हणून तिथेही तोच नियम लागू. स्वित्झर्लंड त्यात येत नाही. सीमेजवळ फोनने तिथलं नेटवर्क पकडलं की बिल वेगळं लागतं, असं बंटीनेच सांगितलं. आपल्याला तिकडे जायचंच नाही.

माझा नेहमीचा नंबर दुसऱ्या खणात चालू राहील, बँकेचे ओटीपी यायला. त्याचा डेटा बंद असेल. त्यावर साधा फोन आला आणि मी उचलला तर मिनिटामिनिटाचे पैसे लागतील, म्हणून उचलणार नाही. तेव्हा “ही फोन का घेत नाही” असं मनात आणायचं नाही. आपली जुनी रीत आहे ना, तीच ठेवू. मी दादरच्या क्लासला पोचले की कोपऱ्यावरच्या लाल डब्यातून दोन रिंगा द्यायची. तुम्ही उचलायचा नाहीत आणि माझा रुपया खणकन परत पडायचा. तो रुपया मी मुठीत धरून वर्गात जायची, परत येताना त्याचा पेरू घ्यायची. तसंच. साध्या फोनवर एकदा रिंग दिलीत तर मी समजेन की आठवण आली. लागोपाठ दोनदा दिलीत तर असेन तिथून लगेच व्हॉट्सॲपवर करेन.

आई, आता तुझं. तुझी मालिका संपली की रात्री नऊला माझा फोन येईल. तिथे तेव्हा साडेपाच वाजलेले असतील, आम्ही तंबू ठोकून चहा करत असू. व्हिडिओ एक दिवसाआड करू, त्याला डेटा फार लागतो. बाकीच्या दिवशी नुसता आवाज. मला तुझा आवाज पुरतो, तुला माहीत आहे. सकाळचे सुविचार आणि मंदिराचे व्हिडिओ तू ग्रुपवर टाकतेस तसेच टाकत राहा, बंद करू नकोस. माझ्या फोनवर ते आपोआप उतरायचं तेवढं बंद केलंय. आल्यावर एकेक बघेन.

तंबू म्हणजे उघड्यावर झोपणं नाही गं. बहुतेक रात्री कॅम्पिंगच्या रीतसर जागा आहेत. तिथे स्वयंपाकघर, गरम पाण्याची मोरी, स्वच्छ संडास, आणि ऑफिसाजवळ वायफायही मिळतं. खाली जाड चटई, अंगावर पिसं भरलेली झोपायची पिशवी. भाजणी, मेतकूट आणि मुगाची खिचडी बांधून घेतली आहे. तू दिलेलं तूप मात्र घरीच ठेवते आहे. तिकडे दुधाचे पदार्थ नेऊ देत नाहीत, विमानतळावर काढून टाकतील, आणि तुझं तूप कोणी टाकलेलं मला बघवणार नाही. आल्यावर गरम भातावर घेऊ. सोनूला दोन रात्री मोकळ्यावर राहायचं आहे. नॉर्वेत १९५७ पासून कायदाच आहे की पडीक डोंगररानात कोणीही तंबू टाकावा, फक्त घरांपासून १५० मीटर लांब. आम्ही तेही रस्त्याच्या जवळच राहू.

आता मला खरं ज्याची काळजी आहे ते लिहिते. २ जूनला बुडूहून मोस्केनेसची बोट आहे, सव्वातीन तासांची. मध्ये समुद्रात रेंज जाईल. बोगद्यांत जाईल, डोंगराआड जाईल. एखाद्या दिवशी नऊचे अकरा होतील. आई, त्या २६ जुलैच्या पुरात तू रात्रभर फोनच्या स्टुलाशेजारी बसून होतीस. मी दुसऱ्या दिवशी दुपारी चपला हातात घेऊन आले, तेव्हा तू काही न बोलता आधी माझे पाय धुतलेस. त्यानंतर फोन लागला नाही की तुझ्या हाताला कसा कंप सुटतो ते मी बघितलं आहे. आणि बाबा, तुम्ही त्या रात्री एक्स्चेंजमध्येच अडकला होता. सगळ्या लाइनी तुमच्या हाताखाली, आणि घरचीच लागत नव्हती. तरी घरी आल्यावर तुम्हीच आईला म्हणालात, “लाइन मेली होती गं, माणसं नव्हती मेली.” या पंधरा दिवसांत रेंज गेली की तेवढंच तिला परत सांगा. तुम्ही सांगितलंत तरच तिला पटतं.

तुम्हाला हवं असलेलं लाइव्ह लोकेशन एका वेळी आठ तासच चालतं आणि बॅटरी खातं. थंडीत बॅटरी आधीच लवकर उतरते, मी फोन रात्री पिशवीत पोटाशी घेऊन झोपणार आहे. त्याऐवजी रोज मुक्कामाला पोचल्यावर एकच ठिकाण पाठवेन. डब्यासोबत छापील नकाशा आहे, त्यावर पेन्सिलीने खूण करत जा. ई१० नावाचा रस्ता शेवटी जिथे संपतो त्या गावाचं नाव एकाच अक्षराचं आहे, उच्चार साधारण ‘ओ’. तिथे पोचले की तुम्हालाच पहिला फोटो. वाटेचे नकाशे मी आधीच उतरवून घेतले आहेत. जीपीएसला इंटरनेट लागत नाही, ते उपग्रहावरून चालतं, म्हणजे रेंज नसली तरी रस्ता चुकणार नाही. आणि काही झालंच तर तिथेही ११२ आहे, मिळेल त्या कंपनीच्या टॉवरवरून लागतो.

आता थोडं दटावते, रागावू नका. बाबा, रक्त पातळ ठेवायची गोळी एक दिवससुद्धा चुकवायची नाही. पंधरा दिवसांच्या गोळ्या डब्यांत भरल्या आहेत, निळा सकाळचा, पांढरा रात्रीचा. लिफ्ट बंद असेल तर खाली उतरायचंच नाही, भाजी काकूंचा मुलगा आणून देईल. किल्ली काकूंकडे आहे. छातीत जरा जरी जड वाटलं तर माझ्या फोनची वाट न बघता आधी १०८, मग दादा, मग मी. आई, साखर सोमवारी आणि गुरुवारी बघायची आणि आकडा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहायचा, खरा आकडा. पोळ्यांच्या बाईंना पैसे दिले आहेत, तू पुन्हा देऊ नकोस.

आणखी एक. “तुमची मुलगी परदेशात अडकली आहे, पैसे पाठवा” असा फोन आला, अगदी माझ्या आवाजात आला, तरी एक रुपया पाठवायचा नाही. आजी मला काय हाक मारायची ते विचारा. सांगता आलं नाही तर फोन ठेवा आणि सायबर फसवणुकीच्या १९३० नंबरवर कळवा.

बाबा, ते पाकीट मला द्या. खरंच द्या. पॅकसाठी नको. त्यातून मी तिथे सोनूला तुमच्या नावाने काहीतरी घेईन, आणि उरलेले आल्यावर तुमच्या खिशात ठेवेन. मी तेव्हा घ्यायला हवं होतं.

शनिवारी पहाटे विमानतळावर आत शिरले की दोन रिंगा देईन. उचलू नका.

तुमची,
मनी