तिरपं क्षितिज

प्रिय मित्रा,

बाबांबरोबरच्या उड्डाणांची चित्रं झाली का, हा तुझा प्रश्न मी तीन आठवडे टाळतोय. झाली. सहा झाली. त्याआधीची अकरा फाडली, ती धरत नाही.

अकरांत मी वरून दिसणारी जमीन रंगवत होतो. शेतांचे तुकडे, नदीचं वळण, ढगांच्या सावल्या. दिसायला बरी होती, पण मुकी. उपग्रहाचा फोटो समोर ठेवून कुणीही काढावीत अशी. बाबा त्यांत कुठेच नव्हते.

आमच्या छोट्या विमानाबद्दल, सेसना 172 बद्दल, सांगून मी तुझं डोकं किती खाल्लंय! पंख डोक्यावर, त्यामुळे खाली बघायला आड काही येत नाही. मी उजव्या सीटवर, मांडीवर नकाशा. काही दाखवायचं असलं की बाबा बोट दाखवत नसत, विमानच उजवीकडे कलवत. खिडकीत जमीन भरून यायची. आणि गंमत म्हणजे आपण कललोय हे अंगाला कळतच नाही. वळण नीट जमलं असेल तर सगळा भार सरळ सीटमध्ये उतरतो, नकाशावरची पेन्सिलही घरंगळत नाही. डोळे मिटले तर खुर्चीत बसल्यासारखं. म्हणजे आपण ताठ, आणि जमीनच एका अंगाने उठून उभी राहिलेली! मला रंगवायचं होतं ते हे.

कुणी आधी केलंय का, तेही शोधलं. अमेरिकन चित्रकार जॉर्जिया ओकीफने 1965 मध्ये, वयाच्या 77 व्या वर्षी, गॅरेजात 24 फूट रुंद कॅनव्हासवर ढगांच्या लाद्या रंगवल्या. थोर चित्र आहे, पण क्षितिज आडवं, प्रवासी विमानातून दिसतं तसं. इटलीच्या फ्युचरिस्टांनी, म्हणजे यंत्रं आणि वेग यांनी झपाटलेल्या चित्रकारांनी, तर 1929 मध्ये विमानातल्या चित्रकलेचा जाहीरनामाच काढला होता. त्यांच्याकडे कल हवा तेवढा, पण सगळा वेगाचा कैफ. बाबांना कसला कैफ? सारखा इंधनाचा काटा बघणारा माणूस तो.

उत्तर नाकासमोरच होतं. विमानात कृत्रिम क्षितिज नावाची गोल तबकडी असते: वर निळा, खाली तपकिरी, मधली रेघ विमानाच्या कलाप्रमाणे तिरकी होते. मी दोन फुटी गोल फळ्या कापून घेतल्या. गोलाला सरळ-वाकडं नसतं, त्यामुळे भिंतीवर कुणी ‘नीट’ करायला जात नाही. फक्त रेघ घट्ट मारली की चित्र मेलं. तिथे दुरून निळसर होत जाणारा धूसर पट्टाच हवा, आणि त्या चार बोटं पट्ट्याने माझा अख्खा महिना खाल्ला.

डोळ्यांच्या तपासणीनंतर बाबांनी उडवणं सोडलंय, तुला माहीत आहे. गेल्या रविवारी येऊन त्यांनी चित्रं बघितली. बघितली कसली, वाचली. “हे वीस अंश. हे तीस. हे... साठ?” चष्मा कपाळावर. “साठला माणसाचं वजन दुप्पट होतं. तुला घेऊन असं वळण मी घेतलंच नसतं.”

खरं होतं. नाट्य यावं म्हणून मी वाढवलं होतं. ते गेल्यावर तीसवर आणलं, चित्र सुधारलं. त्यांना सांगितलेलं नाही.

जाता जाता म्हणाले, “आणि बॉल कुठाय?”

बॉल म्हणजे पॅनेलवरच्या वाकड्या काचनळीतली काळी गोळी. वळण जमलं की ती मधोमध बसते, नाही तर सरकते. बाबांचं एकच पालुपद असे: “जिकडे बॉल, तिकडचा पाय दाब.” पाय म्हणजे शेपटीवरचं सुकाणू हलवणारं पायाखालचं पेडल. मी पहिल्यांदा उजवीकडे वळवलं तेव्हा पाय विसरलो होतो. गोळी उजवीकडे घसरली, पेन्सिल पडली, पोटात ढवळलं. बाबांनी हात मांडीवरून हलवला नाही, पालुपदही म्हटलं नाही. वाट बघत बसले.

सातवं चित्र त्या वळणाचं. तळाशी एक काळा ठिपका काढलाय, मधोमध नाही, जरासा उजवीकडे. रविवारी बाबा येणार आहेत. त्यांना तो दिसतो का, बघू.

तुझाच,
उजव्या सीटवरचा