अक्षरं झाकल्याबद्दल

काका, सा. न.

रावपुऱ्यातल्या तुमच्या दुकानातून परत आलो त्याला चार दिवस झाले. पैसे देताना नुसतं 'थँक यू' म्हणालो, पुढचं काही तोंडातून निघेना. तुम्हीही मान खाली घालून दुसऱ्या कुणाचा तरी मिक्सर उघडायला घेतलात. म्हणून हे पत्र.

ती डीव्हीडी दादानं २००९ साली घरच्या कॉम्प्युटरवर बर्न केली होती. वर निळ्या मार्करनं, त्याच्या त्या तिरक्या अक्षरात: 'ब्लिंक. पापणी लववायची नाही, बाळ्या.' बाळ्या म्हणजे मी, तेव्हा अकरा वर्षांचा.

तुम्ही विचारलंत, 'यात एवढं काय आहे रे?' दुकानात गर्दी होती, नीट सांगता आलं नाही. 'डॉक्टर हू' ही ब्रिटिश मालिका १९६३ साली सुरू झाली, मधली बरीच वर्षं दांडी मारून २००५ मध्ये परत आली, आणि 'ब्लिंक' हा तिचा ९ जून २००७ ला लागलेला भाग. गंमत म्हणजे खुद्द डॉक्टर त्यात जेमतेम दिसतो. एक मुलगी, एक पडकं घर आणि तोंडावर हात धरून उभे असलेले दगडी देवदूत. कुणी बघत असेल तोवर ते दगड. पापणी लवली की पुढे सरकणार. पडद्यावर ते हलताना मात्र एकदाही दिसत नाहीत. दादा म्हणाला, 'कारण आपण बघतोय ना!' झालं! उशी तोंडावर घ्यायची सोयच राहिली नाही.

आणि आपलं बडोदं तर पुतळ्यांचं गाव. रात्री स्कूटरवरून काळ्या घोड्याच्या पुतळ्यापाशी आलो की दादा ओरडायचा, 'बाळ्या, लक्ष ठेव!' तो चालवणार, म्हणजे बघायची जबाबदारी माझी. सयाजीराव महाराज दिसेनासे होईपर्यंत मी मान वळवून, डोळ्यांत पाणी येईस्तोवर बघत राहायचो. बिचारे महाराज.

दादा गेल्या भाद्रपदात गेला. त्याच्या कपाटात ही डिस्क सापडली, लावली, आणि अर्ध्यात अडकली.

तुमच्याकडे येण्याआधी दोन ठिकाणी गेलो होतो. नावं घेत नाही. पहिल्यानं हातातही घेतली नाही. म्हणाला, 'फेकून द्या साहेब, आता सगळं ऑनलाइन मिळतं.' मिळत असेल. दादाचं अक्षर मिळतं का? दुसऱ्यानं बोळ्याला स्पिरिट लावून डिस्क दोन्ही बाजूंनी खसाखसा पुसली. मी 'अहो, अहो' म्हणेपर्यंत 'बाळ्या'तला 'ळ्या' गेला. वर 'चालत नाही' म्हणून पन्नास रुपये मागितले. मी दिलेही. त्याचा राग अजून स्वतःवरच येतो.

तुम्ही चष्मा लावलात, आधी वरचं वाचलंत. 'बा' पाशी थोडे थांबलात. कोणी लिहिलं, काय झालं, काहीही विचारलं नाहीत. ड्रॉवरमधून ट्रेसिंग पेपर काढून डिस्कच्या मापाचा गोल कापलात, तो अक्षरांवर ठेवलात, कडेला दोन चिकटपट्ट्या. मग डिस्क उलटी करून ओरखडे घासायला लागलात, मधून बाहेर, सरळ, गोल न फिरवता. 'अक्षर जायला नको,' एवढंच म्हणालात, तेही जणू स्वतःशीच. बाकी ओरखडे कसे गेले, पेनड्राइव्हवर कॉपी कशी उतरली, ते तुमचं तुम्हाला ठाऊक. मला तो कागद कापताना झालेला कात्रीचा आवाज आठवतो. दीडशे रुपयांत हे बसत नाही, काका. चांगुलपणावर भाषणं देणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत, दर गणेशोत्सवात एक तरी ऐकावंच लागतं. कागद कापणारा मला एकच भेटला.

त्याच रात्री अख्खा भाग पाहिला. देवदूतांची भीती वाटली, पण बेताची. ते जीव घेत नाहीत. माणसाला मागच्या काळात फेकतात आणि त्याचे इथले जगायचे राहिलेले दिवस खातात. अकरा वर्षांच्या मला हे फार सौम्य वाटलं होतं. आता नाही वाटलं. एक तरुण पोलीस असा १९६९ मध्ये फेकला जातो. एक निरोप पोचवायचा म्हणून अडतीस वर्षं तिथून चालत येतो, आणि त्या मुलीला त्याच दिवशी, त्याच पावसात भेटतो, म्हातारा होऊन, दवाखान्याच्या खाटेवर. पाऊस थांबेपर्यंतच त्याच्याकडे वेळ असतो. लहानपणी या जागी मी पाणी प्यायला उठायचो. या वेळी उठलो नाही.

आणि तो निरोप तो कशातून पोचवतो, माहीत आहे? डीव्हीडीतून! मोजून सतरा डिस्का. तुमच्या धंद्यातलाच माणूस निघाला की तो.

येत्या रविवारी संध्याकाळी दांडिया बाजारात घरी या. वहिनीही बघणार आहे, तिनं तो भाग कधीच पाहिलेला नाही. दादा तिला घाबरट म्हणायचा. सेव उसळ मी आणतो, तिखट किती ते फोनवर सांगा. चष्मा विसरू नका. आणि ट्रेसिंग पेपर मी अजून काढलेला नाही, तो तुम्हीच येऊन काढा.

तुमचा,
बा

(उरलेलं गेलं, पण आता हेच बरं वाटतंय.)